मिल्डाच्या वळणावरची आउस्मा

आमच्या डेपोत दीडशेच्या वर ड्रायव्हर होते. त्यांत आउस्मा रुदझीते ही एकटीच अशी, की जिच्या गाडीच्या दांड्या वर्षातून फक्त एकदा निसटायच्या. आणि तेही दर वर्षी त्याच तारखेला, त्याच जागी.

मी तारा दुरुस्त करणाऱ्या टोळीत होतो. ट्रॉलीबसच्या टपावर दोन लांब दांड्या असतात. त्या वरच्या तारांना लागून सरकतात आणि गाडीला वीज देतात. दांडी निसटली की गाडी जागच्या जागी बंद. मग ड्रायव्हरनं खाली उतरायचं, जाड हातमोजे चढवायचे आणि मागच्या दोऱ्या ओढून दोन्ही दांड्या पुन्हा तारेवर बसवायच्या. शिकाऊ ड्रायव्हर आठवड्यातून दोनदा दोऱ्या ओढत बसतात. आउस्माच्या बाबतीत ते कधी घडायचं नाही. जानेवारीत तारांवर बर्फाचा पापुद्रा धरायचा, आम्ही शिडीच्या गाडीवर उभे राहून दिवसभर तो खरवडायचो, तरी ही बाई वळणं अशी घ्यायची की आत उभ्या म्हातारीच्या हातातली दुधाची बाटली हलू नये. तिला याचा गर्व होता, आणि तो ती लपवायची नाही.

एकाहत्तर सालच्या जूनमध्ये आमचे डेपोप्रमुख ब्रिएदिस यांनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. फक्त फोन वाजला की त्याला घाम फुटायचा.

"तालिस, मिल्डाच्या वळणावरचा तारेचा सांधा बघून ये. काल तिथं रुदझीतेची गाडी अडकली. गेल्या वर्षीही अडकली होती म्हणे."

मी गेलो. मिल्डा म्हणजे रिगाच्या मधोमध उभा असलेला आमचा स्वातंत्र्यस्तंभ. टोकावरच्या तांब्याच्या बाईनं दोन्ही हातांत तीन तारे उंच धरलेत, तिला सगळं शहर मिल्डा म्हणतं. पस्तीस साली लोकांनी स्वतःच्या खिशातून उभारलेला स्तंभ. पुढं देशच गेला, रस्त्याला लेनिनचं नाव लागलं, त्याच रस्त्यावर थोडं पुढं लेनिनचा पुतळाही आला, मिल्डाकडे पाठ करून. पण मिल्डा राहिली. तिला पाडलं नाही, फक्त तिच्याभोवती ट्रॉलीबस फिरवल्या. पायथ्याशी फुलं ठेवणाऱ्याला पकडून न्यायचे. आम्ही हळू आवाजात म्हणायचो की मिल्डाबाईंचं प्रवास कार्यालय आहे, फुलं ठेवा आणि सायबेरियाचं तिकीट घ्या. जायचं फक्त, परतीचं नाही.

मी शिडी चढवून सांधा तपासला. बोट फिरवलं, पट्टीनं मोजला. त्यात काही म्हणजे काही बिघाड नव्हता. मीच बसवला होता तो.

दुपारी उपाहारगृहात आउस्मा बिटाचं सूप पीत होती. मी समोर बसलो. ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, तेव्हा त्रेचाळीसची असेल. रुंद खांदे, आखूड कापलेले केस.

"तुमच्या दांड्या का निसटल्या काल?"

"मला काय विचारतोस? तारा तुझ्या."

"तार चोख आहे. मी आत्ताच उतरलोय शिडीवरून."

"असं?" तिनं पावाचा तुकडा सुपात बुडवला. "मग तुझ्या अहवालात लिही, तार चोख आहे. खाली असंही लिही की आउस्मा रुदझीते अठरा वर्षांत गाडी चालवायला शिकली नाही. बघू डेपोत कोणाला पटतं ते."

"काल चौदा जून होता," मी म्हणालो.

तिनं चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. एक्केचाळीस सालच्या चौदा जूनला काय झालं होतं ते आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. पहाटे गाड्या आल्या होत्या, घरंच्या घरं उचलून सायबेरियाला नेली होती.

"तुझ्याकडचं कोणी?" तिनं विचारलं.

"मामा. आणि मामी."

"माझा बाप." एवढं बोलून तिनं सूप संपवलं. उठताना म्हणाली, "आणि ते 'तुमच्या-बिमच्या' सोड. मी काय ब्रिएदिस आहे?"

मी अहवालात लिहिलं, 'सांधा सैल. दुरुस्त केला.'

बाकीचं मला नंतर हळूहळू कळलं. तिचा बाप क्रिश्यानिस रुदझीतिस (आमच्याकडे पुरुषाच्या आडनावाचा शेवट वेगळा असतो) बंदरावर घोडागाडी हाकायचा. स्तंभाचं काम सुरू झालं तेव्हा त्यानं दोन वर्षं बोटीवरून उतरलेला ग्रॅनाइट वाहिला. एकदा भर रस्त्यात गाडीचा आस मोडला आणि शिळा आडवी पडली. मागं ट्रामची रांग लागली, लोक शिव्या घालू लागले. क्रिश्यानिस शिळेवर चढून बसला आणि ओरडला, "तुमच्याच बाईचा पाय आहे हा! जपून बोला!" ही गोष्ट तो घरी इतक्या वेळा सांगायचा की बायको कानांवर हात ठेवायची.

एक्केचाळीसच्या त्या जूनमध्ये आउस्मा तेरा वर्षांची होती आणि आईबरोबर मावशीकडे खेड्यात गाई राखायला गेली होती, म्हणून दोघी वाचल्या. बापाला नेलं. कुठं ठेवलं, कधी मेला, कोणी कळवलं नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात गावोगावी स्मशानाचा सण असतो. सगळं घर आपल्या माणसांच्या थडग्यांवर जमतं, वाळूवर दाताळं फिरवतं, फुलं लावतं, नंतर झाडाखाली बसून डुकराच्या मांसाचे पाव खातं. आउस्माची आई त्या दिवशी दुसऱ्यांच्या थडग्यांमधून फिरायची आणि रिकाम्या हातानं घरी यायची. आई वारली तेव्हा आउस्मानं ठरवलं की बापाला थडगं नसेल, पण त्यानं वाहिलेले दगड तर आहेत.

तोवर ती ट्रॉलीबस चालवत होती आणि तिची गाडी दिवसातून अकरा वेळा त्या दगडांना वळसा घालत होती. फुलं घेऊन चालत जाणारा माणूस दोन पावलांत पकडला जायचा. पण बंद पडलेल्या गाडीच्या ड्रायव्हरकडे कोण बघतं? सहासष्ट साली तिनं पहिल्यांदा केलं. सांध्यावर जरा जास्त वेग, चाकाला एक हिसका, आणि दोन्ही दांड्या धाडकन वर. गाडी बरोबर पायथ्याच्या पायरीजवळ थांबली. प्रवासी कुरकुरले. ती हातमोजे घालून मागं गेली, दोरी धरायला वाकली आणि अंगातल्या जाकिटातून दोन फुलं पायरीवर ठेवली. दांड्या बसवल्या, निघाली.

वरकरणी सोपं वाटतं. पण चौदा जूनला त्याच मार्गावर ड्युटी लागायला हवी ना? त्याची तजवीज तिनं अशी केली होती, की त्यानंतर नऊ-दहा दिवसांनी येणाऱ्या यानिच्या सणाला, जेव्हा सगळा देश शेकोट्या पेटवून बिअर पीत असतो आणि कोणालाच कामावर यायचं नसतं, तेव्हाची ड्युटी ती आपणहून घ्यायची. बदल्यात चौदा तारीख मागायची. ड्रायव्हर तिच्यापुढं रांग लावायचे. वर म्हणायचे, "ही बाई खुळी आहे, यानिला गाडी चालवते!"

चौऱ्याहत्तर साली तर कहर झाला. त्या वर्षी स्तंभापाशी एक पोलीस उभा केला होता. मी समोरच्या फूटपाथवर होतो. मुद्दाम गेलो होतो, खोटं कशाला बोलू. आउस्माची गाडी आली, दांड्या निसटल्या. पोलीस धावत आला.

"काय झालं? इथं थांबायचं नाही!"

"मलाही हौस नाही थांबायची," आउस्मा म्हणाली. "ही दोरी धरा जरा. घट्ट. वर बघा, दांडी डावीकडं गेली की ओरडा."

पोलिसानं दोरी धरली, मान वर केली आणि मन लावून दांडीकडं बघत राहिला. त्याच्या पाठीमागं तिनं सावकाश फुलं ठेवली, पाकळी दुमडली होती ती सरळसुद्धा केली.

"बसली का?" पोलिसानं वरच बघत विचारलं.

"बसली. देव तुमचं भलं करो."

रात्री बायकोला सांगताना मला हसू आवरेना. बायको मात्र हसली नाही. म्हणाली, "तुझ्या अहवालावर सही तुझी असते, हे विसरू नकोस." ते मी विसरलो नव्हतो. तरी दर जूनला मी 'सांधा सैल' लिहीतच होतो.

सत्त्याहत्तर साली बिंग फुटलं, तेही कुठल्या हेरामुळं नाही. एका कारकुनामुळं. तो रोज त्याच गाडीनं कचेरीत जायचा, आणि वेळेच्या बाबतीत अगदी काटेकोर. त्यानं डेपोला तक्रार लिहिली की गेली सहा वर्षं दर चौदा जूनला एकाच वळणावर गाडी बंद पडून आपल्याला उशीर होतो, तरी यात लक्ष घालावं. सगळी वर्षं, सगळ्या वेळा, मिनिटांसकट. बिचाऱ्याच्या मनात तक्रारीपलीकडं काही नव्हतं.

ब्रिएदिसच्या खोलीत आम्हाला बोलावलं. खिडकीपाशी करड्या कोटातला एक माणूस बसला होता. त्यानं नाव सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. बोलत आमच्याच भाषेत होता, उच्चार पश्चिमेच्या, कुर्झेमेच्या किनाऱ्याकडचे. मेजावर माझे अहवाल ओळीनं मांडले होते.

"सोपं आहे, आउस्मा," ब्रिएदिस रुमालानं मान पुसत म्हणाला. "लिहून दे, हलगर्जीपणामुळं झालं. एक ठपका बसेल. तालिस लिहून देईल की सांधा जुना होता. विषय संपला."

"हलगर्जीपणा कोणाचा?"

"तुझा. म्हणजे... कागदावर."

करड्या कोटाचा माणूस पहिल्यांदा बोलला. "पायरीवर दर वेळी फुलं सापडली. दोन. जिवंत माणसाला विषम देतात, मेलेल्याला सम. हे मलाही माहीत आहे. तिथं तुमचं कोण मेलंय?"

"माझा बाप."

"तुमचे वडील तिथं मेले नाहीत."

"मग कुठं मेले?" आउस्मानं खुर्ची त्याच्याकडं वळवली. "तुमच्याकडं लिहिलेलं असेल. क्रिश्यानिस रुदझीतिस, गाडीवान. जागा सांगा. मी उद्याच रजा टाकते आणि फुलं तिथं नेऊन ठेवते. मिल्डाकडं बघणारसुद्धा नाही. सांगा ना!"

तो खिडकीतून बाहेर बघू लागला. ब्रिएदिसचा फोन वाजला आणि त्यानं तो उचललाच नाही. हे मी आयुष्यात एकदाच बघितलं.

शेवटी माझ्याकडं वळून ब्रिएदिस म्हणाला, "तालिस, तू सांग. सांधा सैल होता ना?"

हो म्हटलं तर मी वाईट तारवाला, आणि मिल्डापाशी गाड्या अडकवणारा. नाही म्हटलं तर सहा वर्षांच्या सह्या खोट्या. "होता," मी म्हणालो. "थोडासा."

"खोटं बोलतोय," आउस्मा ताडकन म्हणाली. "त्याचा सांधा आरशासारखा आहे. शहरात तसा दुसरा नाही. आणि मी चोवीस वर्षं गाडी चालवतेय, चोवीस वर्षांत माझ्या हातून एक आरसासुद्धा फुटला नाही. हलगर्जीपणा म्हणे! आणा तो कागद."

ब्रिएदिसनं कागद सरकवला. तिनं उभ्यानंच लिहिलं, 'चौदा जूनला मी दांड्या मुद्दाम निसटवल्या. तार उत्तम होती. मी गाडी चांगली चालवते. आ. रुदझीते.' आणि 'चांगली' या शब्दाखाली रेघ मारली.

तिला नेतील असंच मला वाटलं. पण नेलं नाही. मागाहून विचार केला तेव्हा कारण उमगलं. अकरा वर्षं सरकारी गाडीतून मिल्डाला फुलं जात होती आणि डेपोत कोणाला पत्ता नव्हता, हे वर कळवायचं कोणी? ब्रिएदिसलाही ते नको होतं आणि बहुधा त्या करड्या कोटालाही. तिचा कागद कुठल्या तरी खणात गेला. तिला गाडीवरून काढून धुलाईच्या शेडमध्ये टाकलं, आणि चौदा जूनला त्या पायऱ्यांजवळ दिसलीस तर बघ, अशी तंबी दिली. मला ताकीद मिळाली.

त्यानंतर ती सहा वर्षं गाड्या धूत होती. हिवाळ्यात हात लाल होऊन फुटायचे. मी पहिला महिनाभर तिच्या समोरून जायचं टाळलं. मग एकदा तिनंच पाण्याची नळी बंद करून हाक मारली.

"अरे, तू माझ्यावर रागावलास का?"

"मी? तू रागावायला हवंस. मी त्यांच्यासमोर..."

"तू घाबरलास. त्यात काय? पण तार सैल म्हणालास, त्याचा मला राग आला. आपलं चांगलं काम आपणच वाईट म्हणायचं नसतं, तालिस. ते काम त्यांना करू दे."

दुसऱ्या वर्षी चौदा जूनला मी वळणाकडं गेलो. वाटलं होतं, कोणीतरी ड्रायव्हर दांड्या निसटवेल. कोणीच निसटवल्या नाहीत. सगळ्या गाड्या गुपचूप वळसा घालून गेल्या. मीही रिकाम्या हातानं उभा होतो, तर इतरांना काय बोलू? पण पलीकडच्या लिंडनच्या झाडाखाली आउस्मा उभी होती. हातात पिशवी. पोलीस तिच्यापाशी गेला.

"इथं काय करताय?"

"उभी आहे."

"का?"

"उभं राहायला बंदी आहे का? असेल तर कागद दाखवा, जाते."

त्याच्याकडं कागद नव्हता. ती तासभर उभी राहिली आणि घरी गेली. पुढं दर वर्षी तेच. पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त झाली, तरी तो तास चुकला नाही.

सत्त्याऐंशीचा चौदा जून रविवारी आला. त्या दिवशी काही तरुण माणसं उघडपणे मिल्डाला फुलं वाहणार अशी कुजबुज शहरभर होती. लोकांना अडवायला नेमकी त्याच दिवशी तिथं सायकलींची शर्यत ठेवली होती. रस्त्याच्या कडेनं दोर बांधले, पोलीस उभे केले, आणि आम्हाला शिडीची गाडी घेऊन थांबायला सांगितलं. माझ्या वाट्याला दोराचं एक टोक आलं.

दुपारपासून माणसं जमत गेली. शर्यत बघायला आलेल्या माणसांच्या हातात फुलं कशाला असतील? सायकली गरागरा फिरत होत्या आणि टाळी कोणीही वाजवत नव्हतं. मग माझ्यासमोर आउस्मा येऊन उभी राहिली. एकोणसाठ वर्षांची, पांढरं झालेलं डोकं, चांगला कोट घातलेला. हातात पिओनीची पाच टपोरी पांढरी फुलं.

"पाच?" मी विचारलं.

"दोन बापाची, तीन त्या बाईची. एकत्र मोजू नकोस. दोर वर कर."

माझ्या डाव्या हाताला दहा पावलांवर पोलीस अधिकारी होता. मला सत्तेचाळीस वर्षं पूर्ण झाली होती. निवृत्तिवेतन डोळ्यासमोर आलं, बायको आली, ब्रिएदिसची ती खोली आली. मी दोर वर केला.

ती वाकली नाही. तशीच ताठ उभी राहिली, म्हणून मला दोर आणखी वर धरावा लागला, डोक्याच्याही वर. ती खालून गेली, आणि तिच्यामागं एक म्हातारा, मग दोन बहिणी, मग मोजताच येईना.

"ए तारवाल्या!" अधिकारी ओरडला. "दोर खाली घे!"

"साहेब, आता खाली घेतला तर माणसांच्या गळ्यात अडकेल," मी म्हणालो.

आउस्मा रस्ता ओलांडायला लागली. दोन सायकली तिच्या अंगावर आल्या, तिनं हात वर करून त्यांना थांबवलं, जशी ती गाडीतून उतरल्यावर मोटारींना थांबवायची. सायकलवाले थांबले. ती पायरीवर गेली, दोन फुलं ग्रॅनाइटला टेकवून ठेवली, तीन वेगळी ठेवली, आणि दगडावर तळहात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. या वेळी दोरी ओढायची नव्हती, दांड्या बसवायच्या नव्हत्या. तिला कसलीच घाई नव्हती.

संध्याकाळपर्यंत पायऱ्या फुलांखाली गेल्या. फुलं वाहणाऱ्यांतल्या काहींना पुढं बराच त्रास झाला. आउस्माला एकदा बोलावलं, दोन तास बसवलं आणि सोडून दिलं. मला डेपोत विचारलं, दोर हातातून सुटला का? नव्या प्रमुखाचा चेहरा सांगत होता की 'सुटला' एवढंच म्हण. मी म्हणालो, "वीस वर्षं वजनदार तारा ओढतोय, माझ्या हातातून दोर सुटत नाही. मी तो वर धरला होता." माझी त्या वर्षीची बढती गेली. घरी आलो तेव्हा बायकोनं काळ्या पावावर जिऱ्याचं चीज ठेवून ताट पुढं केलं, आणि ती माझ्याशेजारी बसली.

त्यानंतर काही वर्षांतच सगळं उलटंपालटं झालं, देश पुन्हा आमचा व्हायला लागला. मिल्डाभोवतीची वाहतूक बंद करायचं ठरलं. ट्रॉलीबस दुसऱ्या रस्त्यानं जाणार आणि स्तंभापाशी लोक पायी फिरणार. तारा उतरवायचं काम आमच्या टोळीकडं आलं. मला वाटलं, ही बातमी आउस्माला आपण स्वतः द्यावी, ती खूश होईल. मी तिच्या घरी गेलो आणि सांगितलं.

"वळण काढणार?" ती एकदम उसळली. "कोणाच्या डोक्यातून निघालं हे? एवढं सुंदर वळण शहरात दुसरं आहे का? उतार, सांधा आणि वळण, तिन्ही एकाच जागी! तिथं ड्रायव्हरची परीक्षा व्हायची."

"अगं, पण मिल्डापाशी आता कोणीही मोकळेपणानं जाईल. फुलं घेऊन. तुला हेच हवं होतं ना?"

"हवं होतं. मग? माझं वळण काढलं याचं वाईट वाटायचं नाही का मला?"

काम सुरू झालं त्या सकाळी ती आली. मी शिडीवर होतो, ती खाली कमरेवर हात ठेवून उभी. तार कापली आणि गुंडाळत खाली सोडली तशी ती लोकांच्या मधून वाट काढत पुढं आली आणि माझ्या जोडीदाराला म्हणाली, "असं ओढू नकोस, पीळ पडेल. दुसरीकडं कुठंतरी वापरायचीय ना ती? दे इकडं एक टोक."

आणि त्या वयात, चांगल्या कोटात, तिनं तारेचं टोक खांद्यावर घेतलं आणि आमच्याबरोबर दुपारपर्यंत ओढलं.